रबर कुठं ठेवायचं

कोल्हापूरचं उद्यमनगर. लेथच्या घरघरीत माणसं ओरडूनच बोलतात. इथल्या एका गॅरेजच्या खड्ड्यावर पांढरी प्रीमियर पद्मिनी उभी आहे. तिचे मालक आबा मात्र तिला फियाटच म्हणतात. बॅटरीची वायर सोडवून ठेवलीय, टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढलंय. शेजारच्या दुकानातला एक जण पेटती विडी घेऊन डोकावतो आणि मेस्त्रींची शिवी खाऊन आल्या पावली परततो.

मेस्त्री खड्ड्यातून जुनी रबरी नळी वर फेकतात, मागोमाग स्वतः वर येतात आणि ब्लेडनं ती उभी चिरतात. बाहेरून वाळक्या शेंगेसारखी कडक, तडकलेली. आतून मात्र मऊ, चिकट. आतून अंगठा फिरवला की तो काळाच होऊन निघतो. हेच कण फिल्टरमध्ये साठतात, त्यातून निसटले तर कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. मग गाडी सपाटीला बरी पळते आणि चढाला मान टाकते.

"आबा, तुमच्याच उसानं खाल्ली बघा ही."

आबा हसतात, पण कसनुसे. त्यांचा ऊस दरसाल कारखान्याला जातो. कारखाने मळीपासून, रसापासून इथेनॉल काढतात आणि ते तेल कंपन्यांकडून पेट्रोलमध्ये मिसळलं जातं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. पद्मिनीच्या जमान्यातलं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं.

तशी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हा या गाडीच्या तळाला धातूचीच नळी होती. ती गंजली तेव्हा कुणीतरी टाकीपासून पंपापर्यंत सगळं रबरच ओढून मोकळा झाला. अशा जुगाडाचं आपल्याकडं फार कौतुक. मला त्यात आळसच जास्त दिसतो.

नवी नळी स्टीलची, आठ मिलिमीटरची. बाजारात तिला बंडी पाईप म्हणतात. ब्रेकलाही तीच जात वापरतात. मेस्त्री आधी एक जाड तार गाडीच्या तळाला लावून वाकवतात आणि त्या तारेबरहुकूम हातबेंडरवर नळी वळवायला घेतात. घाईनं वाकवली तर चेपते, आणि चेपली की त्या जागी वाट अरुंद होते.

"तांब्याची घातली असती की, पटकन वाकती," हाताखालचा पोरगा म्हणतो.

"वाकती लेका, आणि थरथरीनं कडक होऊन तितक्याच पटकन चिरती."

कापलेल्या टोकाची आतली धार कानशीनं काढून, हवा मारून कीस बाहेर. मग दोन पट्ट्यांच्या शिकंज्यात टोक धरून त्याला बारीकशी उभारलेली कड आणतात. रबर तिच्यावर चढलं की सहजी निसटत नाही. नळी सायलेन्सरपासून लांबून नेलीय. पूर्वी घाटात फियाट बंद पडली की पंपावर ओला फडका टाकायचे. तापलेल्या पेट्रोलची वाफ धरली की पंप नुसता वाफच ओढत बसतो.

खरं कसब पुढं दिसतं. इंजिनाजवळ आल्यावर स्टील वीतभर आधीच संपतं. तिथून पंपापर्यंत नवी रबरी नळी, इंजेक्शनच्या गाड्यांची, आर-९ छापलेली. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, गाडीचा तळ हलत नाही. दोघांना स्टीलनंच बांधलं तर कुठंतरी तडकणारच. टाकीपाशीही तसाच एक तुकडा. सगळं रबर काढून टाकायचं म्हणून आलेल्या आबांना हे पटत नाही. ते दोनदा विचारून घेतात.

गळती तपासायची रीत पंक्चरवाल्याची. एक टोक बंद करून दुसऱ्यातून बेताची हवा सोडायची आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. टाकीकडची बाजू ओढीची असते. क्लिप सैल राहिली तर थेंब पडेलच असं नाही, पण पंप हवा ओढतो. मागच्या सांध्यावर फेस फुगतो. मेस्त्री क्लिप अर्धा आटा आवळतात, पुन्हा फेस लावतात.

पेट्रोल भरल्यावर स्टार्टर बराच वेळ कुरकुरतो, मग इंजिन एकदम धरतं. आबा पाकिटाला हात घालतात.

"थांबा ओ. आता रंकाळ्याला एक चक्कर मारून या, इंजिन तापू दे. क्लिपा परत आवळतो, मग पैशाचं बोलू. आणि महिनामहिना उभी ठेवू नका हं. हे पेट्रोल पाणी धरतं, नळी आतनं गंजंल."