शिधापत्रिकेचा अर्ज : वास्तव्यापासून इष्टांकापर्यंत

दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत, १९४३ साली, मुंबईत शिधावाटप सुरू झाले तेव्हा ते गरिबांपुरते नव्हते. चाळीतल्या कामगाराप्रमाणेच बंगल्यातल्या व्यापाऱ्यालाही धान्य कार्डावरच घ्यावे लागे, आणि त्यामुळे नावनोंदणीत वास्तव्य व घरातील माणसांची संख्या यांपलीकडे फारसे काही विचारण्याचे कारण नव्हते. उत्पन्नाचा प्रश्न खऱ्या अर्थाने निर्णायक झाला तो १९९७ मध्ये, केंद्राने लक्ष्यनिर्धारित सार्वजनिक वितरण व्यवस्था, म्हणजे दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना वेगळ्या, स्वस्त दराने धान्य देणारी पद्धत, स्वीकारल्यावर.

महाराष्ट्राने १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका आणल्या : वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असल्यास पिवळी, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी आणि त्याहून अधिक असल्यास शुभ्र. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत किंवा मुंबईत शिधावाटप कार्यालयात दिलेल्या अर्जाला उत्पन्नाचा पुरावा आणि जुन्या पत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला जोडावा लागे. स्थलांतरित मजुराची अडचण बहुधा या दुसऱ्या कागदापाशी होई, कारण तो गावी जाऊनच आणावा लागे.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ ने धान्याला हक्काचे रूप दिले, प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा पाच किलो ठरवले आणि पत्रिकेवर घरातील ज्येष्ठ स्त्री कुटुंबप्रमुख केली. राज्यात अंमल १ फेब्रुवारी २०१४ पासून झाला. केशरी पत्रिकाधारकांपैकी शहरात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांची निवड होऊन त्यांच्या पत्रिकेवर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का बसला. शहरी मर्यादा महिन्याला पाच हजारांहूनही कमी पडते. दोघे कमावणाऱ्या मजूर कुटुंबाने ती खरेपणाने पाळावी, ही अपेक्षाच अवास्तव होती, तरीही पुढची कित्येक वर्षे ती तशीच राहिली.

त्याहून कठोर अट मात्र अर्जाच्या नमुन्यात कोठेच छापलेली नसते. राज्याला सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांचा इष्टांक, म्हणजे कमाल संख्या, २०११ च्या जनगणनेच्या आधारे ठरवून दिलेला आहे. त्यामुळे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत झाले, अंगठ्याच्या ठशावर कोणत्याही राज्यात उचलता येऊ लागले, तरी पात्र अर्जदाराचा हक्क तालुक्याचा इष्टांक भरलेला असल्यास मृत्यूने, विवाहाने वा स्थलांतराने दुसऱ्या कोणाचे नाव कमी होईपर्यंत कागदावरच राहतो.