लहान मार्जारमिनांचे विलगीकरण व सामाईक मत्स्यालयातील संगोपन

अनेक जातींचे मासे एकत्र ठेवलेल्या काचेच्या टाकीला सामाईक मत्स्यालय म्हणतात. अशा टाकीच्या तळाशी वावरणारे, तोंडाभोवती मिशा असलेले आणि पूर्ण वाढ झाल्यावरही साधारणतः ७ सेंटिमीटरपेक्षा मोठे न होणारे मासे शोभिवंत मत्स्यपालनात लहान मार्जारमीन म्हणून ओळखले जातात. दक्षिण अमेरिकेतील कोरिडोरस आणि ओटोसिंक्लस हे त्यांतील सर्वाधिक प्रचलित गट होत. नवे मासे मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी काही आठवडे वेगळ्या टाकीत निरीक्षणाखाली ठेवण्यास विलगीकरण म्हणतात. नांदेड व लातूर जिल्ह्यांत तीव्र उन्हाळा, विंधनविहिरींचे कठीण पाणी आणि वारंवार उद्भवणारी पाणीटंचाई यांमुळे या कामाला काही वेगळ्या मर्यादा पडतात.

जाती व निवड

कोरिडोरसच्या अंगावर खवल्यांऐवजी अस्थिपट्टांच्या दोन रांगा असतात. 'बीगल' जहाजाच्या सफरीत चार्ल्स डार्विनने गोळा केलेल्या नमुन्यांवरून लिओनार्ड जेनिन्स यांनी १८४२ मध्ये कोरिडोरस पॅलिएटस या जातीचे वर्णन केले. २०२४ मध्ये या प्रजातीची अनेक प्रजातींत विभागणी झाली असली, तरी व्यापारात जुनेच नाव चालते. हे मासे कळपाने राहतात. एकाच जातीचे किमान सहा मासे असल्याशिवाय ते मोकळेपणाने वावरत नाहीत. एकेका जातीचा एकेक मासा आणून केलेला 'संग्रह' दिसायला आकर्षक असला, तरी माशांच्या दृष्टीने तो एकांतवासच ठरतो.

पॅलिएटस व पांडा कोरिडोरस या जातींना २० ते २५ अंश सेल्सिअसचे थंडावलेले पाणी मानवते. नांदेडमध्ये मे महिन्यात हवेचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, त्यामुळे तेथे उष्णता अधिक सहन करणारा स्टर्बाय कोरिडोरस हा सुज्ञ पर्याय होय. २५ अंशांच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३२ अंशांना हे प्रमाण ७.३ मिलिग्रॅमवर येते. कोरिडोरस पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि आतड्यावाटे तिच्यातील प्राणवायू शोषतो. अशी अधूनमधूनची झेप स्वाभाविक असते. ती सतत होऊ लागली, तर पाण्यात प्राणवायू कमी पडत आहे असे समजावे.

'मार्जारमीन घाण खाऊन टाकी स्वच्छ ठेवतात' हा समज चुकीचा आहे. ते विष्ठा खात नाहीत. उलट त्यांना तळाशी बुडणारे खाद्य स्वतंत्रपणे द्यावे लागते. या समजामुळेच दुकानांत 'सकर' किंवा 'टँक क्लीनर' या नावाने टेरिगोप्लिक्थिस या प्रजातीची पिल्ले खपतात. बोटाएवढे दिसणारे हे पिल्लू पुढे ४० सेंटिमीटरच्या आसपास वाढते. 'शार्क' म्हणून विकला जाणारा पंगॅसिअस तर खाद्यमासा असून तो एक मीटरपेक्षाही लांब होऊ शकतो. गोदावरी-मांजरा खोऱ्यातील शिंगट्यांच्या गटातील मिस्टस व्हिटॅटस हा मासा देशी आहे. परंतु तो लहान मासे खातो, म्हणून सामाईक टाकीस योग्य नाही.

वाढलेला सकर नदीत किंवा तलावात सोडणे ही गंभीर चूक आहे. पश्चिम बंगाल व आंध्र प्रदेशातील पाणवठ्यांत हा परदेशी मासा स्थिरावला असून तो काठांत बिळे करतो, जाळी फाडतो आणि देशी माशांच्या अन्नात वाटेकरी होतो.

पाणी

दख्खनच्या बेसॉल्ट खडकातील विंधनविहिरींचे पाणी बहुधा कठीण व अल्कधर्मी असते. मत्स्यपालन केंद्रांत पैदास झालेले कोरिडोरस मध्यम कठीण पाण्याशी जुळवून घेतात. मात्र बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी केवळ वरून भरत राहिल्यास क्षार टाकीतच साचतात; म्हणून थोडे पाणी काढून नवे घालणे आवश्यक असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उघड्या भांड्यात हवेचा पंप लावून २४ तास ठेवल्यास बहुतांशी निघून जाते. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट वापरतात. दुकानांत ते 'अँटी-क्लोरीन' म्हणून मिळते.

२०१६ च्या दुष्काळात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. 'जलदूत' नावाने ओळखली गेलेली पहिली गाडी १२ एप्रिल रोजी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. ४० लिटरच्या विलगीकरण टाकीतील पाव पाणी आठवड्यातून दोनदा बदलल्यास चार आठवड्यांत ८० लिटर पाणी लागते. हा आकडा किरकोळ वाटला, तरी टँकरवर अवलंबून असलेल्या घरात तो किरकोळ नसतो. त्यामुळे नवे मासे पावसाळ्यानंतर आणणेच इष्ट. औषध न घातलेले बदललेले पाणी कुंड्यांतील झाडांना उत्तम चालते.

विलगीकरण

भारतातील शोभिवंत मत्स्यसंवर्धनाची मोठी केंद्रे चेन्नईतील कोळत्तूर आणि कोलकात्याच्या परिसरात आहेत. तेथून निघालेला मासा गिऱ्हाईकाच्या घरी येईपर्यंत अनेक टाक्यांचे पाणी पाहून आलेला असतो आणि त्याबरोबर रोगही येऊ शकतात.

विलगीकरण टाकीत मुख्य टाकीत काही आठवडे मुरवलेला स्पंज फिल्टर, लपण्यासाठी पीव्हीसी नळीचे तुकडे, बारीक वाळूचा पातळ थर आणि झाकण एवढे पुरते. स्पंजात वाढलेले जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि त्याचे पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. कोरा स्पंज हे काम करू शकत नाही. धारदार खडीने व अस्वच्छ तळामुळे कोरिडोरसच्या मिशा झिजतात.

माशांच्या परांतील काटे पिशवी फोडतात, म्हणून दुहेरी पिशवी मागावी. जाळ्याऐवजी कपाने उचलल्यास काटे अडकत नाहीत. पिशवी थोड्याच वेळापूर्वी बांधलेली असेल, तर तासाभरात थेंबाथेंबाने नवे पाणी मिसळावे. दीर्घ प्रवासाच्या पिशवीबाबत मात्र हा नियम उलटतो. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पाणी आम्लधर्मी होते व अमोनिया कमी घातक अशा अमोनियम रूपात राहतो. पिशवी उघडताच पीएच वाढतो आणि तोच अमोनिया विषारी बनतो. त्यात आपले अल्कधर्मी पाणी मिसळल्यास भरच पडते. अशा वेळी तापमान जुळवून मासे लगेच टाकीत सोडावेत व पिशवीतील पाणी फेकून द्यावे.

विलगीकरणाचा कालावधी रोगांच्या जीवनचक्रावर ठरतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग करणारा इक्थिऑफ्थिरिअस हा परजीवी त्वचेखाली वाढतो, नंतर तळाशी पडून विभागतो आणि शेकडो पोहणारी पिल्ले सोडतो. औषध केवळ या पोहणाऱ्या अवस्थेवर परिणाम करते, म्हणून ठिपके दिसेनासे झाले तरी उपचार थांबवू नयेत. २५ अंशांच्या आसपास हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते. थंड पाण्यात ते लांबते. याउलट कॅमॅलॅनस या कृमीची लाल टोके गुदद्वारापाशी दिसायला काही आठवडे लागू शकतात. या कारणाने दोन आठवडे अपुरे असून तीन ते चार आठवडे योग्य मानले जातात. मॅलाकाइट ग्रीन, तांबेयुक्त औषधे व मीठ यांना मार्जारमीन संवेदनशील असतात. लक्षणे नसताना 'खबरदारी' म्हणून औषध घालू नये.

ओटोसिंक्लस बहुधा उपाशी अवस्थेत येतो. पोट खपाटीला गेलेला मासा घेऊ नये. घरी आणल्यावर उकडलेली काकडी किंवा दुधीचा तुकडा द्यावा आणि दुसऱ्या दिवशी तो काढून टाकावा. निरोगी ठरलेले मासे मुख्य टाकीत संध्याकाळी, दिवे मालवून सोडतात आणि आधीच्या माशांना त्यापूर्वी थोडे खाद्य देतात. विलगीकरणातील जाळे व नळी मुख्य टाकीत वापरण्याआधी पूर्ण वाळू द्यावी लागते.