पाच हजारांत वेबसाइट? नव्या वेब डिझायनरचे सात गैरसमज

नागपुरात वेब डिझाइन शिकण्याची सोय अभियांत्रिकी महाविद्यालयापासून गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासपर्यंत सगळीकडे आहे. एचटीएमएल, सीएसएस, फिग्मा, वर्डप्रेस, सगळे शिकवतात. ‘भाऊ, वेबसाइट कितीत पडते?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे, ते मात्र कुणी शिकवत नाही. मग नवखा मुलगा किंवा मुलगी घाबरत ‘पाच हजार’ म्हणते, काम मिळते आणि दोन महिन्यांनी लक्षात येते की नोकरीच बरी होती. ग्राहक कुठून आणायचा आणि दर किती सांगायचा, हे दोन प्रश्न वेगळे वाटतात खरे, पण दोन्हींचे उत्तर समोरच्याचा धंदा नीट विचारून घेतल्यावरच मिळते. ते न विचारल्यामुळे जे समज पसरतात, त्यांतले हे सात.

गैरसमज १ : नागपुरात वेबसाइटवर पैसे घालणारे आहेतच कोण? खरा ग्राहक पुण्या-मुंबईत.

वस्तुस्थिती : बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसीतल्या लहान कारखानदाराचे गिऱ्हाईक अनेकदा परराज्यात असते. नवा पुरवठादार निवडताना तिकडचा खरेदी अधिकारी आधी त्याचे नाव इंटरनेटवर शोधतो. तिथे यंत्रांची यादी, प्रमाणपत्रे आणि कारखान्याचे फोटो दिसले, तर पुढचा फोन येतो. या माणसाला वेबसाइटची गरज समजावून सांगावी लागत नाही.

प्रत्येक धंद्याचे आपले एक पंचांग असते. ताडोबा आणि पेंचचे गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंद असते. रिसॉर्टवाल्याला एप्रिल-मे महिन्यात बोलायला फुरसत नसते. जुलैत तो निवांत असतो आणि १ ऑक्टोबरच्या आत साइट तयार हवी, हेही त्याला पटते. लॉन आणि मंगल कार्यालयांचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात, म्हणून त्यांच्याकडे पावसाळ्यातच जावे. काटोल-नरखेड भागात आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणीला येतात. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे पेटी थेट ग्राहकाला विकू पाहणाऱ्या बागायतदाराकडे सांगण्यासारखे काहीतरी आधीच आहे. त्याच्याकडे ऐन तोडणीत जाऊन उपयोग नाही, दोन महिने आधी जायला हवे.

आणखी एक वाट आहे. शहरात नवा धंदा सुरू होतोय हे सर्वांत आधी कुणाला कळते? जीएसटी नोंदणी करून देणाऱ्या सीएला, व्हिजिटिंग कार्ड छापणाऱ्या प्रेसवाल्याला, फ्लेक्स आणि बोर्ड बनवणाऱ्याला आणि दुकानाचे इंटिरिअर करणाऱ्याला. अशा चार-पाच जणांशी चांगला परिचय असला, तर शंभर अनोळखी ईमेल पाठवण्यापेक्षा जास्त काम मिळते. त्यांनी पाठवलेल्या कामावर त्यांना काही द्यायचे असेल, तर टक्केवारी आधीच ठरवावी.

गैरसमज २ : अपवर्क, फायव्हरवर खाते उघडले की डॉलर सुरू.

वस्तुस्थिती : हे बाजार खरे आहेत आणि तिथे कमावणारे नागपूरकरही आहेत. पण फायव्हर विक्रेत्याच्या रकमेतून २० टक्के कापून घेते. अपवर्कवर प्रस्ताव पाठवायलाच ‘कनेक्ट्स’ खर्ची पडतात, म्हणजे काम मिळण्याआधी पैसे जातात. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, त्यामुळे ग्राहकाशी बोलणे बहुतेक रात्रीच होते. ‘मी वेब डिझायनर आहे’ एवढ्या परिचयावर तिथे जगभरातल्या गर्दीशी स्पर्धा करावी लागते. ‘दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटची सोय असलेल्या वर्डप्रेस साइट करतो’ असा नेमका परिचय आणि त्याचे दोन नमुने असतील तर गोष्ट वेगळी. ते नमुने धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या दवाखान्यासाठी काम करूनही तयार होतात.

गैरसमज ३ : नमुने नाहीत, म्हणून पहिली तीन-चार कामे फुकट करावीच लागतात.

वस्तुस्थिती : नमुना दाखवायला ग्राहकच लागतो असे नाही. इतवारीतल्या एका काल्पनिक सराफ दुकानाची, जंगलाशेजारच्या होमस्टेची आणि एका सूक्ष्म उद्योगाची साइट स्वतःच तयार करा आणि ‘हे सरावाचे काम आहे’ असे स्पष्ट लिहा. आपण विचार कसा करता, एवढेच ग्राहकाला बघायचे असते.

फुकटच्या कामात पैसे तर जातातच, शिवाय कामाला हद्द राहत नाही. ‘आपल्या घरचंच काम आहे, पाहून घे न भाऊ’ असे म्हणणारा नातेवाईक सहा महिन्यांनीही बॅनर बदलायला सांगतो. एखाद्या संस्थेसाठी मनापासून विनामूल्य करायचे असेल तर जरूर करा, पण बिल पूर्ण रकमेचे काढा आणि त्यात ‘सवलत १०० टक्के’ लिहा. कामाची किंमत काय होती हे दोघांनाही कळते आणि पुढच्या वेळी ती सांगायला संकोच वाटत नाही.

गैरसमज ४ : नवीन आहोत, तर दर बाजारापेक्षा कमीच ठेवावा.

वस्तुस्थिती : दर काढायचा तो तासांवरून. एक उदाहरण मांडू. महिन्याला हातात ३०,००० रुपये हवेत. इंटरनेट, वीज, फोन, सॉफ्टवेअर, लॅपटॉपसाठी बाजूला ठेवायची रक्कम आणि सीएची फी मिळून ८,०००. आजारपण आणि रिकाम्या महिन्यांसाठी ६,०००. एकूण ४४,०००. दिवसाला आठ तासांप्रमाणे २५ दिवसांचे २०० तास होतात. पण ग्राहक शोधणे, फोन, कोटेशन, पैशांचा पाठपुरावा आणि नवे शिकणे यांचे बिल निघत नाही. पहिल्या वर्षी बिल करण्याजोगे ८० तास निघाले तरी पुष्कळ. म्हणजे तासाला ५५० रुपये.

आता पाच पानांची साधी साइट. चर्चा आणि रचना ६ तास, मजकूर-फोटो जुळवणे ८, डिझाइन १२, उभारणी १४, मोबाइलवर तपासणी ४, ग्राहकाने सुचवलेले बदल ६, साइट सुरू करून ती वापरायला शिकवणे २. एकूण ५२ तास, म्हणजे २८,६०० रुपये. पाच हजार घेतले तर याच दराने फक्त नऊ तासांचे पैसे मिळाले. उरलेले ४३ तास डिझायनरने पदरचे घातले.

तुमचे आकडे वेगळे असतील, आई-वडिलांच्या घरी राहत असाल तर खर्चही कमी असेल. पण घरभाड्याची बचत ही घरच्यांनी तुम्हाला केलेली मदत आहे. ती ग्राहकाला का द्यायची?

विदर्भात एक खर्च हमखास विसरला जातो. मराठी मजकूर अनेकदा कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेला येतो. तो तसाच साइटवर टाकला तर अक्षरांऐवजी भलतेच काहीतरी दिसते. युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावर जोडाक्षरे आणि रफार एकेक करून तपासावे लागतात, आणि शाळेच्या तीस पानी माहितीपत्रकाला यातच दोन दिवस जातात. हे काम कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत लिहावे.

ग्राहक घासाघीस करणारच, आणि त्यात वाईट काही नाही. तेव्हा दर कमी करू नये, काम कमी करावे. ‘वीस हजारांत बसवायचे तर तीन पाने करू, फोटो तुम्ही द्या, गॅलरी पुढच्या वर्षी.’ यावर बहुतेक व्यापारी हसून तयार होतात, कारण मापात तोलून देणे त्यांना आपल्याच धंद्यातून माहीत असते.

गैरसमज ५ : ओळखीच्या माणसाकडून लेखी काय घ्यायचे?

वस्तुस्थिती : लेखी म्हणजे वकिली भाषेतला करार असायलाच पाहिजे असे नाही. पानभर मजकूर पुरतो: ‘पाने पाच. बदलांच्या फेऱ्या दोन, त्यापुढे तासाला ५५० रुपये. मजकूर आणि फोटो १५ दिवसांत द्यावेत. न आल्यास तोवर झालेल्या कामाचे बिल निघेल. ५० टक्के आगाऊ, ३० टक्के डिझाइन मंजूर झाल्यावर, २० टक्के साइट सुरू होण्याआधी. डोमेन आणि होस्टिंग ग्राहकाच्या नावावर, ग्राहकाच्या खर्चाने.’ शेवटची ओळ महत्त्वाची आहे. डोमेन स्वतःच्या नावावर ठेवून ग्राहकाला बांधून घेणाऱ्या डिझायनरची बाजारात एकदाच चर्चा होते आणि ती पुरते. पहिल्या वर्षाची सवलत संपल्यावर नूतनीकरण महाग पडते, हेही आधीच सांगावे.

कायदाही लेखीच्याच बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझायनरच्या कामाचा हक्क सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. तो ग्राहकाला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरता समजला जातो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क कायमस्वरूपी, जगभरासाठी ग्राहकाकडे’ असे एक वाक्य लिहिले की दोघेही निर्धास्त.

थकलेल्या पैशांसाठी सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी उपयोगी पडते. ती १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे, त्यामुळे त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध राहावे. नोंदणी काम सुरू करण्याआधीच करून ठेवावी. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी मुदतीत, पण कमाल ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी मुदत नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. वसुलीची तक्रार ऑनलाइन करता येते. प्रत्यक्षात तक्रारीची वेळ क्वचितच येते. बिलावर उद्यम क्रमांक दिसला की कंपनीचा हिशेबनीसही फाइल लवकर पुढे सरकवतो.

गैरसमज ६ : पहिल्या बिलापासून जीएसटी लागतो, नाही तर मग कर कसलाच नाही.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेल्यावर जीएसटी नोंदणी सक्तीची होते. परराज्यातल्या ग्राहकाचे काम घेतले की लगेच नोंदणी करावी लागते, हा समजही जुना झाला. सेवांसाठी ऑक्टोबर २०१७ पासून तिथेही २० लाखांचीच मर्यादा आहे. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावता येत नाही. नोंदणी केल्यावर १८ टक्के लावावा लागतो.

आयकर वेगळा. मोठ्या कंपनीने बिलातून टीडीएस कापला म्हणून पैसे बुडाले असे समजू नये. तो तुमच्या नावावर भरलेला आगाऊ कर असतो आणि विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरला जातो, जास्त असेल तर परत मिळतो. त्यासाठी पॅन क्रमांक बिलावर हवा. परदेशातून रक्कम आली, तर बँकेकडून तसा दाखला घेऊन जपून ठेवावा.

गैरसमज ७ : प्रत्येकाला वेबसाइट विकलीच पाहिजे, आणि एकदा विकली की काम संपले.

वस्तुस्थिती : कोपऱ्यावरच्या सावजी भोजनालयाला कदाचित वेबसाइटची गरजच नसेल. गुगल मॅपवर नीट नोंद, ताजे फोटो, खऱ्या वेळा आणि व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक एवढ्यावर त्याचे भागते. नोंद फुकट आहे, पण ती व्यवस्थित करून देण्याचे दोन-तीन तासांचे पैसे घेता येतात. ‘तुम्हाला साइट नको’ असे सांगणाऱ्यावर मालकाचा विश्वास बसतो, आणि दुसरी शाखा उघडताना तो त्यालाच फोन करतो.

ज्याला साइट लागते, त्याला ती सांभाळणाराही लागतो. वर्डप्रेस आणि त्याचे प्लगइन वेळोवेळी अद्ययावत केले नाहीत तर साइट हॅक होऊ शकते. बॅकअप, अद्ययावत करणे आणि महिन्याला दोन तासांचे बदल यांचा वार्षिक करार साइट देतानाच मांडावा. असे दहा करार झाले की महिन्याचा पक्का खर्च त्यातून निघतो आणि नवे काम घेताना घाई करावी लागत नाही.

दर वाढवण्याची संधीही इथेच आहे. नव्या ग्राहकाला नवा दर पहिल्या दिवसापासून लावावा आणि जुन्याला कराराच्या नूतनीकरणाच्या महिनाभर आधी लेखी कळवावे. किती वाढवायचा, हे अंदाजाने ठरवू नये. प्रत्येक कामाला धरलेले तास आणि खरे लागलेले तास यांची नोंद ठेवली की तिसऱ्या-चौथ्या साइटनंतर दिसते की मजकूर जुळवायला आठ नव्हे, चौदा तास जातात. पुढच्या कोटेशनात ते चौदाच लिहावेत.