तपासणी मुलाची, मग प्रश्न आई-वडिलांना का?

‘डॉक्टर, मुलाला थोडा वेळ खेळवले आणि आम्हाला मात्र दोन तास प्रश्न विचारले. तपासणी नक्की कोणाची होती?’ बालविकासतज्ज्ञांकडे पाठविलेल्या मुलांचे पालक परत आले की थोड्याफार फरकाने हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे. न्यूमोनियाची शंका आली तर आपण छाती तपासतो, एक्स-रे काढतो. स्वमग्नतेच्या, म्हणजेच ऑटिझमच्या बाबतीत तशी सोय नाही. निदान पक्के करणारी रक्ताची तपासणी नाही आणि एमआरआयमध्येही ते दिसत नाही. इतरांशी संवाद साधण्याची मुलाची रीत, त्याच्या वागण्यातील पुनरावृत्ती आणि आवडीनिवडींचा ठरावीकपणा यांवरूनच निदान करावे लागते. अनोळखी खोलीतील तासाभरात मूल यातले किती दाखवील? एखादे बुजून कोपऱ्यात बसते, तर एखादे नवी खेळणी पाहून नेहमीपेक्षा मोकळे वागते. घरातले, लग्नसमारंभातले, एसटीच्या गर्दीतले मूल पाहिलेले असते ते आई-वडिलांनीच.

ऑटिझमचा वैद्यकीय इतिहास एका पित्याच्या पत्रापासून सुरू होतो, असे म्हटले तरी चालेल. १९३८ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या एका वकिलाने आपल्या पाच वर्षांच्या डोनाल्ड या मुलाविषयी ३३ टंकलिखित पानांचा वृत्तान्त लिहून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्याकडे पाठविला. मुलगा एकटा असला की सर्वांत सुखी दिसतो, वस्तू गरगर फिरविण्यात रमतो, अशा बारीकसारीक गोष्टी त्यात होत्या. १९४३ साली कॅनर यांनी ११ मुलांची हकिकत सांगणारा प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यातील पहिले मूल डोनाल्ड. दुर्दैव असे की, ज्या तपशिलांवर निबंध उभा राहिला, त्या तपशीलवार लिहिण्यालाच कॅनर यांनी पालकांच्या अतिकाटेकोर स्वभावाची खूण मानले. पुढे दोन-तीन दशके ‘थंड मनाच्या आईमुळे मूल असे होते’ हा समज डॉक्टरांमध्येच बोकाळला. आज तो पूर्णपणे मोडीत निघाला आहे. ऑटिझम हा मेंदूच्या विकासातील फरक असून त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तरीही मुलाखतीला बसलेली आई अजून आरोपीसारखी अंग चोरून बसते, हे मला नोंदवावेसे वाटते, कारण मुलाखत बिघडते ती तिथेच.

‘मूल नजरेला नजर देते का?’ असे सरळ विचारले तर बहुतेक आया ‘हो’ म्हणतात, आणि त्या खोटे बोलत नसतात. म्हणून जाणकार तज्ज्ञ असे विचारतात : ‘काल त्याला बिस्कीट हवे होते तेव्हा त्याने काय केले?’ आई सांगते, ‘माझे मनगट धरून मला फडताळापाशी नेले आणि माझा हात डब्यावर ठेवला.’ ‘तेव्हा तुमच्या तोंडाकडे पाहिले का?’ आई क्षणभर थांबते. ‘नाही. डब्याकडेच पाहत होता.’ या एका प्रसंगात ‘हो-नाही’च्या दहा उत्तरांपेक्षा अधिक माहिती आहे. आईचा हात मुलाने एखाद्या उपकरणासारखा वापरला. तिला विनंती केली नाही.

बोट दाखविण्याचेही तसेच. हवी असलेली वस्तू मागण्यासाठी बोट दाखविणे वेगळे आणि आकाशातले विमान आईला ‘बघ ना’ म्हणून दाखविणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात मूल विमानाकडे बोट करते आणि वळून आईने पाहिले का, याची खात्रीही करून घेते. साधारण दीड वर्षापर्यंत हे दिसू लागते. ऑटिझममध्ये पहिले असूनही दुसरे बरेचदा नसते. खेळाविषयी विचारताना ‘गाडीशी खेळतो’ एवढ्यावर तज्ज्ञ थांबत नाहीत. गाडी चालवतो, की उलटी करून तिची चाकेच फिरवत बसतो, हे विचारतात. मुलगी भातुकलीत खोटा चहा पाजते का? ‘खूप बोलतो’ म्हणजे स्वतःचे सांगतो, की जाहिराती जशाच्या तशा म्हणतो? तहान लागल्यावर ‘मला पाणी’ म्हणतो, की आपण त्याला विचारतो तसेच ‘तुला पाणी हवे?’ म्हणतो?

अशा मुलाखतींना शास्त्रीय चौकट आहे. जगभर वापरली जाणारी एडीआय-आर ही मुलाखत ९३ बाबींची असून तिला दीड ते अडीच तास लागतात. पालकांचे मत ‘हो’ की ‘नाही’ यापेक्षा त्यांनी वर्णन केलेले वागणे ऐकून गुण देण्याची तिची पद्धत आहे. लहान बाळांसाठी, १६ ते ३० महिन्यांच्या वयात, एम-चॅट-आर ही २० प्रश्नांची चाळणी आहे. ती कोणत्याही फॅमिली डॉक्टरकडे होऊ शकते. तीत ३ ते ७ गुण आले तर पालकांशी पुन्हा सविस्तर बोलून उत्तरे तपासतात. या दुसऱ्या फेरीत अनेक मुलांवरील शंका दूर होते. म्हणूनच मोबाइलवर प्रश्नावली भरून रात्रभर रडत बसू नये, असे मी पालकांना बजावतो. आपल्याकडे दिव्यांगत्वाचे प्रमाण ठरविण्यासाठी वापरली जाणारी आयएसएए ही ४० बाबींची मापनपट्टीही पालकांची माहिती आणि मुलाचे निरीक्षण या दोहोंवर चालते.

आपल्या घरांत मुलाखतीच्या वाटेत येणाऱ्या अडचणी चौकटीबाहेरच्या असतात. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर सून मोकळी होत नाही. ‘याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते’ हे वाक्य आले की पुढचे सारे प्रश्न तिथेच अडतात. (ही माहिती टाकाऊ नाही, घराण्याचा इतिहास म्हणून ती नोंदवावीच.) मोबाइल किती दाखविला, हे सांगताना आई निम्मे तास कमी करते, कारण घरात सर्वांनी तिलाच बोल लावलेले असतात. वडील ‘मी दिवसभर कामावर, हिलाच विचारा’ म्हणून बाजूला होतात. मला वाटते, वडिलांनी यावेच; रविवारी बागेत इतर मुलांत तो कसा वागतो, हे बरेचदा त्यांनीच पाहिलेले असते. नातवाला दिवसभर सांभाळणाऱ्या आजीशीही तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे बोलावे.

मुलाखतीला मर्यादा आहेतच. चार वर्षांपूर्वीचे आठवताना घटना पुढेमागे होतात. पहिलेच मूल असेल तर तुलनेला कोणी नसते. त्यामुळे केवळ मुलाखतीवर निदान होत नाही. प्रत्यक्ष निरीक्षण, विकासाची चाचणी आणि ऐकण्याची तपासणी यांची जोड लागतेच. पालकांचे सांगणे आणि खोलीतले दृश्य जुळले नाही, तर चांगला तज्ज्ञ पालकांना खोटे न ठरवता पुन्हा बोलावतो.

आठवणीला आधार म्हणून जुने व्हिडिओ फार उपयोगी पडतात. बारसे, जावळ, पहिला वाढदिवस यांची चित्रणे शोधून ठेवावीत : हाक मारल्यावर मूल वळते का, टाटा करते का, औक्षण करताना माणसाकडे पाहते की केवळ ज्योतीकडे. काही मुले दीड-दोन वर्षांच्या सुमारास येत असलेले शब्द गमावतात. तो काळ सणावाराच्या खुणेने आठवावा, ‘गणपतीत आत्याला हाक मारायचा, दिवाळीनंतर मारेना’ असा. कुकरच्या शिट्टीला कान झाकणे, रोजचा रस्ता बदलला की रडणे, हे प्रसंग घडतील तसे तारखेसह वहीत लिहावेत. मूल काय छान करते, तेही लिहावे. उपचारांची आखणी करताना ते लागते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत सुरू झालेल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत या तपासण्यांची सोय असते; आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. जाताना मुलाला बाहेर खेळवायला मामा किंवा मावशी, कोणीतरी बरोबर न्यावे, म्हणजे मुलाच्या देखत त्याच्याविषयी बोलावे लागत नाही. तज्ज्ञांची वेळ मिळायला महिने लागणार असतील, तर तोवर ऐकण्याची तपासणी करून घ्यावी आणि वाचा-उपचार सुरू करावेत. त्यासाठी अंतिम अहवाल हातात असण्याची गरज नसते.