घरातले जाळे (लेखांक नववा) : यादीत नसलेला शेजारी
छपाईयंत्राचा विषय आज हाती घेण्याचे मी कबूल केले होते. परंतु सयाजीगंजात राहणाऱ्या एका वाचकांनी जी कैफियत धाडली आहे, ती इतक्या घरांना लागू पडणारी आणि माझ्या फार वर्षांच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाला इतकी नेमकी जाऊन भिडणारी आहे, की छपाईयंत्रास आणखी आठ दिवस थांबावे लागेल.

कैफियत अशी. बैठकीच्या खोलीतल्या जुन्या संगणकावर विंडोज ७ चालते, आणि कुटुंबाची छायाचित्रे व घराचे दस्तऐवज स्कॅन करून त्यातच ठेवलेले आहेत. दुसरा, विंडोज १० चा, लॅपटॉप कन्येचा. तो सकाळी तिच्याबरोबर युनिव्हर्सिटीत जातो आणि सायंकाळी परततो. लॅपटॉपवर 'नेटवर्क' उघडले असता जुन्या संगणकाचे नाव तेथे दिसत नसे. कोणा हितचिंतकाच्या सल्ल्यावरून दोन्हीकडे 'एसएमबी १' ही संगणकांनी आपापसांत फाइली वाटून घेण्याची जुनी भाषा चालू ठेवण्यात आली. तेव्हापासून नाव कधी उमटते, कधी लोपते. आणि जुन्या संगणकाचे भिंतीवरचे बटण थेट बंद केले, तरी ते नाव बराच वेळ तसेच राहते. दोष संगणकाचा की राउटरचा, असे त्यांनी विचारले आहे.

दोष दोहोंचाही नाही. जी यादी आपण प्रमाण मानतो, तीच मुळात ऐकीव माहितीवर रचलेली असते. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीशी ज्यांचा परिचय आहे, त्या बडोदेकरांना हे चटकन पटेल : १९१० साली महाराज सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांस पाचारण करून ग्रंथालयांची जी व्यवस्था लावली, तीत सूचीच्या खणातले एखादे पत्रक गहाळ झाले, तर पुस्तक मिळणे दुर्घट होई, परंतु ते फडताळावरून नाहीसे होत नसे. 'नेटवर्क' हे पानही असेच सूचीचे काम करते. त्यात नाव नाही एवढ्यावरून संगणक जाळ्यात नाही, असा निष्कर्ष काढणे गैर आहे.

ही यादी पूर्वी कशी सिद्ध होई, याची हकिकत मला आजही विलक्षण वाटते. जाळ्यातील संगणक आपापसांत निवडणूक घेत आणि एकाकडे यादी राखण्याचा अधिकार देत. निवडणुकीत प्रथम संगणकप्रणालीचा दर्जा पाहिला जाई. त्यात दोघे तुल्यबल ठरले, तर जो अधिक काळ अखंड चालू आहे तो जिंके. आणि तेथेही निकाल लागला नाही, तर वर्णक्रमात ज्याचे नाव आधी, त्याची सरशी होई. निवडून आलेल्याकडे इतरांनी दर बारा मिनिटांनी आपल्या हयातीची वर्दी द्यावी, लागोपाठ तीन वर्द्या चुकल्या तरच नाव खोडावे, असा दंडक होता. म्हणजे एकाएकी वीज तोडलेला संगणक छत्तीस मिनिटांपर्यंत यादीत जिवंत राहू शके. आणि यादीची प्रत बाळगणारा दुय्यम संगणक ती दर पंधरा मिनिटांनीच नवी करून घेत असल्यामुळे, त्याच्याकडून पाहणाऱ्यास ते नाव एक्कावन्न मिनिटांपर्यंतही दिसे.

आता सयाजीगंजातल्या घराकडे वळू. एसएमबी १ बरोबर ही जुनी निवडणूकही तेथे पुन्हा सुरू झाली. ज्या दिवशी लॅपटॉप निवडून येतो, त्या दिवशी सकाळी कन्या झाकण मिटून त्यास पिशवीत घालते आणि यादी राखणारा, कोणास काही न कळवता, घराबाहेर पडतो. सायंकाळी जुन्या व नव्या अधिकाऱ्यांचा मेळ बसेपर्यंत मधला काळ बेबंदशाहीचा. नाव उमटते आणि लोपते, ते या कारणाने.

परंतु उपाय म्हणून एसएमबी १ चालू ठेवणे मला मुळीच मान्य नाही. ही भाषा १९८० च्या दशकारंभी आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी रचली, तेव्हा जाळ्यात परका मनुष्य शिरेल ही शंकाच कोणास नव्हती. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नामक खंडणीखोर प्रोग्रॅम तिच्याच विंडोजमधील एका छिद्रातून जगभर पसरला, ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांचे काम त्याने ठप्प केले, आणि त्याला बळी पडलेल्यांत विंडोज ७ चे संगणकच सर्वाधिक होते. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ती ज्यांनी बसविली नाही ते सापडले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने बसविलेल्या विंडोज १० मध्ये एसएमबी १ आपोआप येईनासे झाले, आणि त्याबरोबर जुनी यादीही गेली. विंडोज ७ ला एसएमबी २ उत्तम अवगत आहे. त्यामुळे या घरात जुन्या भाषेची गरजच नाही. ती गरज भासते एक्सपीला, आणि डिस्क जोडण्याची सोय असलेल्या काही जुन्या राउटरांना. अशा डिस्कवरील ऐवज दुसरीकडे हलवावा, हेच माझे मत आहे.

तेव्हा लॅपटॉपवरील 'विंडोज फीचर्स'मधून एसएमबी १ काढून टाकावे आणि जुन्या संगणकावर मार्च २०१७ ची ती दुरुस्ती बसली आहे याची खातरजमा करावी. नंतर जुन्या संगणकावर जाळ्याचा प्रकार 'होम' व लॅपटॉपवर 'प्रायव्हेट' आहे हे पाहावे. 'पब्लिक' असल्यास संगणक स्वतःस मुद्दाम लपवितो. मग जुन्या संगणकाच्या 'सर्व्हिसेस'मध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' शोधून तिला 'ऑटोमॅटिक' करावे. आपले अस्तित्व जाळ्यात जाहीर करण्याचे काम आता हिच्याकडे आहे, आणि ही निद्रिस्त असली म्हणजे नव्या पद्धतीच्या यादीतही नाव येत नाही.

आणि यादी रुसलीच, तर तिला वगळून जावे. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन त्यांपुढे संगणकाचा आकडी पत्ता लिहावा. तो राउटरमध्ये कायम कसा करून घ्यावा, हे गेल्या आठवड्यात पाहिलेच आहे. दार उघडले, तर 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' करून तोच मार्ग कायमचा जोडून टाकावा.

दार न उघडल्यास जो लांबलचक आकडा पडद्यावर येतो, त्याकडे पाठ फिरवू नये. ८००७००३५ यातील शेवटचे ३५ हे सोळाच्या पायावरचे, म्हणजे आपल्या रोजच्या गणतीतले ५३. आणि त्रेपन्नावा दोष म्हणजे मार्गच सापडला नाही. शेवटी ०५ आले, तर मार्ग सापडला आहे, परंतु आत येण्यास मज्जाव झाला आहे. पहिल्या प्रसंगी पत्ता, फायरवॉल आणि राउटर तपासावे. दुसऱ्या प्रसंगी त्यांना हातही लावू नये, कारण तेथे तंटा केवळ परवानगीचा असतो. जुन्या संगणकावरील खात्याला पासवर्डच नसेल, तर ते खाते जाळ्यावरून प्रवेश नाकारते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. त्यास पासवर्ड द्यावा आणि लॅपटॉपवरून येताना तेच नाव व तोच पासवर्ड लिहावा.

परवानग्यांत आणखी एक गुंता आहे. फोल्डर वाटून देतानाची मुभा निराळी आणि डिस्कवरील हक्क निराळा. जाळ्यावरून येणाऱ्यास दोहोंपैकी जी अट अधिक कडक, तीच लागू होते. त्याचा विचार छपाईयंत्राबरोबरच करू, कारण वाटून दिलेली छपाईयंत्रे बहुधा तेथेच अडतात.