पुऱ्याचं शेण, पुऱ्याचं पाणी

गावाला किती वीज लागेल, या प्रश्नाने ग्रामीण ऊर्जेचं नियोजन सुरू झालं की ते हमखास चुकतं. घराला हवा असतो शिजलेला भात, घागरभर पाणी आणि संध्याकाळी उजेड. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अमूल्य रेड्डी हेच आयुष्यभर सांगत राहिले. 1974 मध्ये त्यांनी तिथे 'अस्त्र' हे ग्रामीण तंत्रज्ञान केंद्र उभारलं आणि कर्नाटकातल्या पुरा या गावाचा ऊर्जेचा जमाखर्च मांडला. सगळ्यात मोठा वाटा निघाला चुलीतल्या लाकडाचा. ते गोळा करायला बायका-मुलांचे तासन्‌तास जात.

मग सामुदायिक गोबरगॅस आला, तोही स्वयंपाकासाठी. पण सगळ्या चुली पेटतील एवढं शेण गावात नव्हतंच. गावकऱ्यांना आधी हवं होतं पाणी. 1987 पासून तोच गॅस डिझेल इंजिनात गेला आणि त्यावर वीज तयार होऊ लागली. गोबरगॅस नुसत्या दाबाने पेटत नाही, म्हणून ठिणगीपुरतं थोडं डिझेल सोबत द्यावं लागतं. त्या विजेवर कूपनलिकेचं पाणी नळाला आलं, घरात दिवे लागले.

मला यातला शेणाचा हिशोब फार मोलाचा वाटतो. शेण वजन करून घेत, आणणाऱ्याला किलोमागे पैसे देत, आणि गॅस निघाल्यावर उरलेली मळी खतासाठी ज्याची त्याला परत. गॅस निघतो, पण शेणातलं नत्र मळीत टिकून राहतं. त्यामुळे शेतकऱ्याचं काहीच जात नाही. चुलीचा धूर मात्र तसाच राहिला. त्यासाठी वेगळी योजना हवी.