कर्ज कशासाठी, फेड कशातून?

देवणीच्या परिसरात सोयाबीन व तूर ही रोख उत्पन्नाची मुख्य पिके होत. पैसा हाती येतो तो वर्षातून एकदोनदा. खर्च मात्र बाराही महिने चालू असतो. हा मेळ घालण्यासाठी कर्ज काढावे लागते व त्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु एका कामासाठी काढलेले कर्ज दुसऱ्याच कामात घातले की मेळ बिघडतो. पीककर्जाचा पैसा घराच्या बांधकामात घालणे हा या चुकीचा नेहमी आढळणारा प्रकार होय.

एक उदाहरण

समजा, एका शेतकऱ्याने जूनमध्ये १,००,००० रुपये पीककर्ज उचलले. घराचे काम अर्धवट होते, म्हणून त्यांपैकी ६०,००० रुपये स्लॅबला लावले. खत कमी पडले, फवारणी राहिली, पीक उणे आले. मार्चअखेर कर्ज थकले. व्याजाची सवलत गेली व पुढील जूनमध्ये नवे कर्ज मिळाले नाही. पेरणी तर थांबत नाही. त्याने सावकाराकडून ५०,००० रुपये दरमहा शेकडा तीन दराने घेतले आणि तारण म्हणून दोन एकरांचे खरेदीखत करून दिले. घर उभे राहिले. पण ज्या जमिनीवर ते घर जगायचे, ती जमीन कागदोपत्री दुसऱ्याची झाली.

व्याजाचा हिशेब

‘शेकडा तीन’ हा आकडा ऐकण्यास लहान वाटतो. परंतु तो महिन्याचा आहे. वर्षाचा दर ३६ टक्के होतो. ५०,००० रुपयांवर वर्षाचे व्याज १८,००० रुपये, तीन वर्षांचे ५४,००० रुपये. म्हणजे मुद्दलाहून अधिक व्याज भरूनही मुद्दल जसेच्या तसे उभे राहते.

किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ साली सुरू झाली. तीवर ३ लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जास व्याज सवलत योजनेनुसार वार्षिक ७ टक्के दर असून मुदतीत फेड करणाऱ्यास ३ टक्के सूट मिळते. त्याच ५०,००० रुपयांवर वर्षाचे व्याज केवळ २,००० रुपये पडते. राज्य शासनाचीही वेळेवर फेड करणाऱ्यांसाठी स्वतंत्र सवलत आहे. चालू वर्षाचा नियम शाखेत विचारून घ्यावा. या सर्व सवलतींचे मूळ एकच आहे : मुदतीत फेड.

कर्जाचे तीन प्रकार

पीककर्जाची फेड पिकातून होते. म्हणून ते पिकालाच लावावे व माल विकताच फेडावे. दुभत्या जनावराच्या कर्जाची फेड दुधातून होते. आपली देवणी गाय शेतीकाम व दूध अशा दोन्ही कामांस उपयोगी आहे. दुधाचे पैसे थोड्या थोड्या दिवसांनी मिळत असल्याने मासिक हप्ता झेपतो. घर मात्र निवारा देते, पैसा देत नाही. त्याच्या कर्जाची फेड शिलकीतूनच करावी लागते. शिलकीचा अंदाज घेतल्यावाचून घरासाठी कर्ज काढू नये.

घर बांधताना

प्रथम स्वतःची बचत मोजावी. नंतर प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात आपण पात्र आहोत काय, हे ग्रामपंचायतीत पाहावे. सपाट प्रदेशात पात्र कुटुंबास १,२०,००० रुपये साहाय्य मिळते. उरलेल्या रकमेपुरतेच दीर्घ मुदतीचे गृहकर्ज घ्यावे. घराचा खर्च कमी करावयाचा तर खोल्या कमी कराव्यात. पण भूकंपरोधक आडवे पट्टे गाळू नयेत. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप आपल्याच जिल्ह्यात झाला, हे विसरता येत नाही.

मुदत लांबविली की हप्ता हलका होतो, पण व्याज वाढते. ३ लाख रुपये ९ टक्के दराने १० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ३,८०० रुपये व एकूण व्याज सुमारे १,५६,००० रुपये होते. तेच १५ वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ३,०४० रुपयांवर येतो. व्याज मात्र सुमारे २,४८,००० रुपये होते. उत्पन्न हंगामी असल्यास सहामाही किंवा वार्षिक हप्ता बांधून मिळेल काय, हे आधीच विचारावे.

गावठाणातील घराच्या मालकीचा पुरावा पुष्कळदा अपुरा असल्याने बँक कर्ज देण्यास कचरते. २४ एप्रिल २०२० रोजी आरंभ झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकतपत्रिका दिली जाते. ती आपल्या नावे बिनचूक करून घ्यावी.

जमिनीचे खरेदीखत तारण नव्हे

कर्जापोटी खरेदीखत कधीही करून देऊ नये. ‘पैसे फेडले की परत करीन’ हे तोंडी वचन नोंदणी झालेल्या दस्तापुढे टिकविणे अतिशय कठीण असते. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यान्वये परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. चक्रवाढ व्याज व मुद्दलाहून अधिक व्याज घेण्यास मनाई आहे. सावकारीच्या व्यवहारात जमीन गेली असल्यास तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांच्याकडे विनाविलंब अर्ज करावा. चौकशीअंती जमीन परत देववण्याची तरतूद कायद्यात आहे.

उदगीर किंवा लातूरकडे प्लॉट घेण्याचा विचार असेल, तर सातबारा, फेरफार व अकृषिक परवानगी पाहिल्याखेरीज विसार देऊ नये. पीककर्जाच्या पैशाने प्लॉट तर घेऊच नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस

१९५१-५२ मध्ये झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांचे व सुमारे ३ टक्केच सहकारी संस्थांचे असल्याचे आढळले होते. आज बँका व सोसायट्या गावाजवळ आल्या आहेत. तथापि कर्ज एकदा थकले की त्यांचे दार बंद होते आणि जुनी वाट पुन्हा धरावी लागते. म्हणून गावसभेत प्रत्येकास पुढील चार प्रश्न वहीत लिहून घेण्यास सांगावे :

(१) कर्ज कोणत्या कामासाठी?
(२) फेड कोणत्या उत्पन्नातून व कोणत्या महिन्यात?
(३) वर्षाचे व्याज किती रुपये?
(४) पीक बुडाल्यास काय करणार?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘जमीन विकू’ असे असेल, तर ते कर्ज काढू नये. पीक खरोखरच बुडाले, तर तोंड न लपविता मुदतीपूर्वी शाखेत जावे व नैसर्गिक आपत्तीत कर्जाचे पुनर्गठन होते काय, याची चौकशी करावी. वेळेवर विचारणाऱ्यास मार्ग सापडण्याचा संभव अधिक असतो.